राजाचं बाळंतपण

"पोट गेलं हे मलाही दिसतंय, कोंडे. पोर कुठंय ते सांग."

"पोर नव्हतंच, महाराज. फणस होता."

"राजवैद्याचं निदान खोटं म्हणतेस? म्हणेल त्याला हद्दपारी आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मग निदान खरं. म्हणजे तू माझा मुलगा लपवलास."

हिरडगडच्या भरदरबारात सकाळपासून हेच चाललं होतं. एकीकडे राजा उदंडराज, कानाला फडकं बांधून, शाल पांघरून, बाळंतिणीसारखा लोडाला टेकलेला. दुसरीकडे कोंडाबाई, त्याच्या मुदपाकखान्यात पाट्यावर वाटण वाटणारी बाई, बोटं मिरचीनं लाल. राजानं निकाल देऊनच टाकला होता: पोर हातात द्यायचं, नाहीतर कोंडाबाईनं आणि केतकीराणीनं, दोघींनी, दिवस मावळायच्या आत वेस ओलांडायची.

यात राणीचा काय संबंध म्हणाल, तर सगळा तिचाच. लग्नाला वर्षं लोटली, मूल नव्हतं. राजवैद्य गुंडोपंत पडले परपुरुष. म्हणून राणी पडद्याआड बसायची, तिच्या मनगटाला रेशमी दोरा बांधायचा, आणि दुसरं टोक धरून गुंडोपंत बाहेरच्या बाहेर नाडी बघायचे. राणीनं बोलायचं नाही. विचारलेल्याला उत्तर दासीनं द्यायचं. दर खेपेला दोरा जरा थरथरला की गुंडोपंत मान हलवायचे: दोष राणीत. गाडी अडली तर अडाणी माणूससुद्धा दोन्ही बैल बघतो, पण राजाची नाडी बघावी असं एकाही शहाण्याला सुचलं नाही. शेवटी राजानं दुसरी राणी ठरवली, मांडवाचे खांब रोवले, आणि पहिलीला गाठोडं बांध म्हणून सांगायला स्वतः अंतःपुरात आला.

त्याच वेळी कोंडाबाई तिथं ताक घेऊन गेली होती. राणीचं रडणं पाहून तिचं डोकं फिरलं. ती राजाला म्हणाली, दोरा एवढा खरं बोलतो ना, मग आज तुमच्या हाताला बांधू, बाहेर बसलेल्या गुंडोपंतांना सांगायचं नाही. राजाचा देवापेक्षा दोऱ्यावर भरवसा जास्त. त्यानं हसत हात पुढं केला.

"पोट कसं आहे?" गुंडोपंतांनी बाहेरून विचारलं.

"फुगलंय," कोंडाबाई म्हणाली. खोटं नव्हतं. आदल्या दिवशी राजानं अख्खा फणस एकट्यानं संपवला होता.

"ढेकर?"

"आंबट. उठता-बसता."

"मळमळ?"

"सकाळ झाली की सुरू. चिंच चाटल्याशिवाय बरं वाटत नाही."

गुंडोपंत दोरा टाकून उभेच राहिले. म्हणाले, पेढे वाटा, चौथा महिना आहे, आणि मुलगा आहे!

कोंडाबाईला वाटलं, आता वैद्याची वरात निघते. पण राजा तो राजा. हद्दपारीचा हुकूम त्याचाच, तो मोडायचा कसा? शिवाय मुलगा! त्यानं पोटावर हात ठेवला, आत गुरगुरलं, आणि त्याचे डोळे पाण्यानं भरले. "लाथ मारतोय," तो म्हणाला.

मग काय, डोहाळजेवण झालं. राजाला हिरवा शालू नेसवून फुलांच्या झोपाळ्यावर बसवला, पदर त्याला धरता येईना म्हणून ओटी पागोट्यात भरली. त्यात पुन्हा जेवणाला पुरणपोळ्या. पोट दगड झालं आणि राजा कळांनी ओरडायला लागला. नऊ महिने थांबायची राजांना सवय नसते. आत्ताच बाळंत करा, असा हुकूम सुटला, तशा गावातल्या सुइणी ज्या पळाल्या त्या थेट आपापल्या माहेरी. राहिली कोंडाबाई. दोरा तूच बांधलास, आता तूच निस्तर, असं तिला सांगितलं गेलं.

तिनं आढेवेढे घेतले नाहीत. कढत पाण्यात ओवा-हिंग, पोटाला शेक, वर वाटीभर एरंडेल, आणि राजाला अंगणात फेऱ्या मारायला लावल्या. पुढचं परसाकडच्या वाटेला विचारा. राजा परत आला तो फुलासारखा हलका होऊन. आल्या आल्या म्हणाला, भूक लागली. दोन घास खाल्ले आणि म्हणाला, मुलगा कुठंय?

तर असं हे भांडण. पोर नाही म्हणावं तर निदान खोटं ठरतं, म्हणजे हद्दपारी. आहे म्हणावं तर आणायचं कुठून? गुंडोपंत शेजारी बसून बारशाची नावं काढत होते. केतकीराणी दाराशी गाठोडं घेऊन उभी होती, तिच्याकडं कुणी बघतही नव्हतं.

कोंडाबाईनं बघितलं. पदर खोचला. बरं म्हणाली, तुम्ही म्हणता तर पोर आहे. आणि त्यापुढं एकच वाक्य बोलली.

 प्रधान हळूच खांबाआड सरकला. सेनापतीनं, कुणी विचारलेलं नसताना, आपण दसऱ्यापासून मोहिमेवर होतो अशी भवानीची शपथ घेतली. गुंडोपंतांच्या हातातला दोरा गळून पडला. राजानं 'मीच' म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. एकदा खांबाकडं पाहिलं, एकदा सेनापतीकडं पाहिलं, आणि मग त्याला असं हसू फुटलं की कानाचं फडकं सुटलं, शाल पडली, आणि फणसानं दुखलं नव्हतं तेवढं पोट हसून दुखलं.

त्याच दिवशी मांडवाचे खांब उपटले. राणीचं गाठोडं राजानं स्वतः सोडलं. कोंडाबाईला हातातलं सोन्याचं कडं दिलं. ते तिनं घेतलं आणि वर आणखी मागितलं, की यापुढं मूल होत नसेल तर नवरा-बायको दोघांनाही तपासायचं, हात हातात घेऊन, आणि ज्याचं दुखतं त्यानंच तोंडानं सांगायचं. राजानं मनगट पुढं केलं, आधी माझंच बघा म्हणाला.

आणि ते वाक्य? कोंडाबाई एवढंच म्हणाली होती:

"सुईण पोर आधी बापाच्या हातात देते, अशी रीत आहे, महाराज, तेवढं बापाचं नाव सांगा, लगेच नेऊन देते."