थट्टेच्या तीन ओळी

एका राज्यात वाढदिवसाला कुणी कुणाची स्तुती करीत नसे. त्या दिवशी जाड रंगीत कागदाचं शुभेच्छापत्र येई. वर वेलबुट्टी, आत थट्टेच्या तीन ओळी आणि तळाशी आशीर्वाद. माणूस वाचून हसला की वर्षभराची दृष्ट उतरली. कारण राज्याच्या सीमेवर, खारट पाण्याच्या विहिरीत, एक मांत्रिक राहत होता. वाढदिवशी ज्या गोष्टीची निव्वळ स्तुती होई, ती गोष्ट त्याची होई. हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे त्याला कित्येक वर्षं उपास घडला होता.

ही पत्रं लिही धुरपदा. बाई साठीची, जिभेची तिखट. राजा जयकेतू मात्र कडक. राजकन्या मृणालवतीला सोळावं लागलं, तेव्हा त्याने बजावलं, “माझ्या मुलीची थट्टा केलीस तर हात तोडीन.” धुरपदा घाबरली. मी तिला दोष देत नाही, हात प्रत्येकाला दोनच असतात. तिने लिहिलं : गोड तुझा आवाज, डौलदार तुझी चाल, सुंदर तुझा चेहरा.

राजकन्येने पत्र वाचलं आणि आभार मानायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशी चाल गेली. जिथे बसवावं तिथे ती बसून राही. मग चेहरा पुसट होऊ लागला. आधी भुवया गेल्या. कणीक मळून सारखी करावी तशी कातडी गुळगुळीत होत चालली. केस विंचरताना दासी समोर बघेनाशा झाल्या. आणि भर दुपारी खारट विहिरीतून मृणालवतीचं गाणं ऐकू येऊ लागलं.

एक टिटवी खिडकीत येऊन बसली.

“मांत्रिकाचा निरोप आहे,” ती म्हणाली. “अमावास्येला माध्यान्ही तो उरलेली राजकन्या न्यायला येईल. तिला हसवाल तर गेलेलं सगळं परत मिळेल. तीन पत्रं लिहायची मुभा आहे.”

राजाची मान खाली गेली. “धुरपदे, लिही,” तो म्हणाला.

धुरपदेने घाईघाईत जुनं बाड सोडलं आणि कुणालाही चालतील अशा तीन ओळी उतरवल्या. ते ऐकून टिटवी म्हणाली, “हेच पत्र तू कोतवालाच्या बायकोलाही पाठवलं होतंस.” राजकन्येचं नाक गेलं.

दुसऱ्या खेपेला धुरपदा इरेला पेटली. राजकन्येला अजून एकही मागणी आली नव्हती. ते तिने असं काही रंगवलं की दरबारी पोट धरधरून हसले. राजकन्येचे डोळे भरून आले आणि ओठ मिटले ते मिटलेच. तिथे फट उरली नाही. आता त्या चेहऱ्यावर फक्त दोन डोळे होते आणि ते धुरपदेकडे बघत होते. धुरपदेला स्वतःची भयंकर लाज वाटली. पत्र मुलीच्या नावाचं होतं आणि लिहिलं होतं दरबारासाठी.

अमावास्येच्या सकाळी ती राजासमोर उभी राहिली.

“महाराज, राजकन्येचं हसू येण्याजोगं काही सांगा.”

“माझ्या मुलीत हसण्याजोगं काही नाही.”

“मग तुम्ही तिला नीट पाहिलंच नाही.”

  राजा हळूहळू बोलू लागला, आणि बोलता बोलता रडू लागला. धुरपदा लिहीत गेली.

माध्यान्ही मांत्रिक दारात उभा राहिला. अंगावरून खारं पाणी निथळत होतं. त्याच्या सुरकुतल्या तोंडावर मृणालवतीच्या भुवया होत्या, तिचं नाक होतं, तिचेच ओठ होते. तिच्याच आवाजात तो म्हणाला, “चल मुली.”

धुरपदेने पत्र राजाच्या हाती दिलं. “तुम्ही वाचा. हे तुमचंच आहे.”

राजाने वाचलं :

“मृणाल, तू अंगाई गातेस तेव्हा निजलेली बाळं दचकून उठतात.

पायऱ्या मोजत जिना उतरतेस, तरी शेवटची चुकतेसच.

लोणचं चोरून ‘मी नाही’ म्हणतेस, तेव्हा तुझं नाक आधी लाल होतं.

अशीच शंभर वर्षं राहा.”

राजकन्येचे खांदे हलले. मांत्रिक काहीतरी बोलायला गेला, पण त्याला शब्द फुटेना. त्याच्या तोंडावरून भुवया गळाल्या, नाक विरलं, ओठ गेले. खाली त्याचं स्वतःचं असं काहीच नव्हतं. टिटवीने त्याला वाट दाखवत विहिरीकडे नेलं.

मृणालवती उठली आणि दोन पावलं चालली. नाक लालबुंद झालं होतं. ती खो खो हसत होती, डोळे पुसत होती.

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही रागावलात की तुमचा मुकुट तिरका होतो. दरबारात सगळ्यांना दिसतो, सांगत कुणी नाही.”

 राजाने डोक्याला हात लावून पाहिला. मुकुट डाव्या कानावर टेकला होता.

“किती वर्षं?” राजाने विचारलं.

“मला कळायला लागल्यापासून.”

राजा हसला. तो हसलेला आजवर कुणी पाहिला नव्हता, म्हणून आधी प्रधान दचकला, मग तोही हसला. राज्य पुन्हा मार्गी लागलं, विहीर पुन्हा उपाशी राहिली, आणि ऐकणाऱ्यांनो, तुम्हांलाही वर्षातून एकदा असं कुणीतरी हसो.