देव खाली उतरले की...

आप्पासाहेब इंगवल्यांनी नदीकाठचा बंगला विकायला काढला. भिंतींना ताजा रंग, हातात शिक्क्याचा दाखला : घर पूररेषेच्या बाहेर.

"सरकारी मोजणी आहे, बाई. इथं कधी थेंबभर पाणी आलं नाही. शंका कसली घेता?" ते गुरकावले.

कौसल्याबाईंनी जन्मभर नर्सची नोकरी करून जमवलेली सगळी पुंजी या घरात जाणार होती. त्या घरभर फिरल्या आणि देवघरात थबकल्या. देव्हारा पार छताला टेकलेला, खाली शिडी!

"रोजची पूजा शिडीवर चढून करता?"

"हो. मग?"

"पाणी येतच नाही, तर देव एवढे वर का जाऊन बसलेत? हा दाखला आधी त्यांना वाचून दाखवा, आप्पासाहेब. ते खाली उतरले की मी घर घेते."