धाकूचं गुप्त मत

एका गावात एक भोळा धाकू होता. कुणी काही सांगितलं, की विसरू नये म्हणून तो उपरण्याला गाठ मारायचा आणि सांगितलेलं शब्दशः करायचा. गाव त्याच्या गाठींना घाबरून असायचा.

त्या वर्षी ओढ्यावरचा साकव पुरात वाहून गेला. धाकूची म्हातारी आत्या देवळात जायची, ती गुडघे धरत, पाण्यातून. तेवढ्यात सरपंचाची निवडणूक आली. उभे दोघं. वासू सुतार म्हणाला, "साकव बांधतो." अप्पा खोत म्हणाले, "बघू की."

"आत्या, मत कुणाला देऊ?"

"ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण ज्याचे पाय जमिनीवर आहेत, असा माणूस बघ."

धाकूनं गाठ मारली आणि निघाला. वासू शिडीवर चढून शाळेची कौलं बसवत होता. धाकूनं त्याचा पाय धरून ओढला. वासू धपकन शेणाच्या ढिगात उताणा पडला.

"अरेरे, पाय अजून वरच!" धाकू हळहळला.

आत्यानं कपाळावर हात मारला. "मेल्या, तो पोरांच्या डोक्यावरचं गळकं छप्पर नीट करत होता! पाय काय बघतोस? पुढाऱ्याचे हात बघावेत. बरबटलेले नसावेत."

दुसरी गाठ. वासू लंगडत लंगडत ओढ्यात दगड रचत होता, बायाबापड्यांना पाय ठेवायला. कोपरापर्यंत चिखल. अप्पा खोत नुकतेच जेवून हात धूत होते. धाकूनं चव्हाट्यावर जाऊन आरोळी ठोकली, "वासूचे हात बरबटलेत हो! या डोळ्यांनी बघितलं!"

दिवेलागणीपर्यंत अर्धा गाव अप्पांकडं गेला.

आत्यानं कपाळावर हात मारला. "अरे, तो चिखल होता! आणि लोक तरी कसले हलक्या कानाचे! निदान पुढारी तरी हलक्या कानाचा नको."

तिसरी गाठ. धाकू वाण्याचा तराजू घेऊन अप्पांकडं गेला. अप्पा झोपाळ्यावर घोरत होते. एका पारड्यात पावशेराचं वजन, दुसऱ्यात अप्पांचा कान. कानामागून अख्खं डोकं आलं.

"वा! चांगलाच भारी आहे!"

अप्पा किंचाळत उठले. धाकू तराजू टाकून पळाला.

आत्यानं दोन्ही हात कपाळावर मारले. "आता गप्प बस, बाबा! मत गुप्त असतं. कुणाला सांगायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही."

चौथी गाठ.

मतदानाच्या दिवशी ओढ्याला पाणी चढलं होतं. वासूनं आत्याला पाठुंगळी घेतलं आणि पलीकडं मतदानाच्या खोलीपाशी नेऊन सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं. ते बघून धाकूला फार बरं वाटलं. या वेळी कुठलीच गाठ न चाचपता तो आत गेला आणि त्यानं वासूच्या नावावर ठसठशीत शिक्का मारला.

"घडी करा आणि पेटीत टाका," मतपेटीपाशी बसलेले शाळेचे मास्तर म्हणाले.

धाकूनं पेटीकडं बघितलं. ही तर उद्या सगळ्यांसमोर उघडणार! त्यानं कागद हळूच टोपीत सारला. मास्तरांना वाईट वाटायला नको, म्हणून पेटीत सुपारीची पुडी टाकली.

मोजणी झाली. दोघांना सारखी मतं. एका घडीतून नुसतीच सुपारी निघाली. मग चिठ्ठ्या टाकल्या आणि अप्पा खोत निवडून आले. साकवाचं विचारलं, तर म्हणाले, "बघू की."

आत्या घरी येऊन मटकन बसली. डोळ्यांत पाणी आलं. "एका मतानं गेला रे साकव! धाक्या, खरं सांग, तू कुणाला दिलंस?"

धाकूनं दार लावलं. खिडकी लावली. तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून तिथं लपवलेला कागद काढला आणि आत्याच्या कानाशी तोंड नेलं.

"वासूलाच! पण ओरडू नकोस. अजून मास्तरांनासुद्धा पत्ता नाही."