दोन सर्व्हर आणि शेवटचं पान

“...आणि पहिला सर्व्हर बंद पडला तर?” अण्णाबुवांनी विचारलं.

“दुसरा लगेच काम उचलतो. म्हणून तर दोन घेतले,” निरंजन म्हणाला. “बाहेरच्याला एकच नाव दिसतं, ‘ग्रंथशाळा’. आत कुठलं यंत्र राबतंय हे त्याला कळतसुद्धा नाही.”

“जुन्या फायलींचं काय?”

“वर्षभर कोणी उघडली नाही की फाईल संग्रहात जाते. जागेवर नुसती खूण राहते. त्या खुणेवर क्लिक केलं की संग्रहसेवा खरी फाईल आणून देते. अण्णाबुवा, मी हे चाळीस ठिकाणी बसवलंय.”

चाळीसचा आकडा सकाळपासून तिसऱ्यांदा ऐकवला जात होता.

अण्णाबुवांनी मान डोलावली. तीस वर्षं टेलिफोनच्या तारा जोडून ते निवृत्त झाले, आणि मठाच्या पोथ्या सांभाळायला येऊन बसले. पोथ्यांची सगळी पानं स्कॅन करून घेतली ती त्यांनीच.

बाकावर सुमतीताई बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. मठातली गुरांच्या औषधांची पोथी एका बाईनं लिहिली आहे, असं त्या वीस वर्षं सांगत होत्या, आणि विद्वान मंडळी वीस वर्षं हसत होती. लिहिणाऱ्याचं नाव असतं शेवटच्या पानावर. ते पान कसंबसं स्कॅन झालं आणि उचलून ठेवताना त्याचा भुगा झाला. घाईत ते वाचलं कोणीच नाही. आता ते फक्त संग्रहात होतं, आणि ताई त्यासाठी दोन एसट्या बदलून आल्या होत्या.

“उघडू का, ताई?” निरंजननं माउसवर हात ठेवला.

अण्णाबुवा उठले. पहिल्या सर्व्हरच्या मागे गेले आणि त्याची वायर उपटून जमिनीवर टाकली.

“अहो! काय करताय?”

“आता उघड.”

निरंजन हसला. दुसऱ्या सर्व्हरनं अर्ध्या मिनिटात कारभार हाती घेतला. फायलींची यादी झळकली. शेवटच्या पानाची खूणही जागेवर होती. त्यानं ऐटीत क्लिक केलं.

‘संग्रहसेवा सापडत नाही.’

पुन्हा क्लिक. पुन्हा तेच.

ताईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

“सेवा दोन्ही यंत्रांवर बसवलीय हो मी! शपथेवर सांगतो. वायर जोडा, आत्ता पान दाखवतो.”

“आत्ता दिसेल. आणि हा पहिला खरंच जळून गेला, त्या दिवशी?”

“मी थांबते,” ताई म्हणाल्या. “वीस वर्षं थांबलेय. शेवटची एसटी पाचला आहे.”

निरंजननं सगळं तपासलं. डिस्क ठीक. परवानग्या ठीक. दुसऱ्या यंत्रावर सेवा हजर होती, पण गप्प होती. त्याचे कान लाल झाले. चाळीस ठिकाणांचं नाव आता तो काढेना.

“ताईंना चहा तरी सांग,” अण्णाबुवा म्हणाले.

निरंजन दारात गेला. शहरातला सभ्य माणूस, मठात आल्या दिवशीच त्यानं चहापाणी पाहणाऱ्या, कोठीवरच्या माणसाचं नाव विचारून ठेवलं होतं.

“श्रीपतराव! ओ श्रीपतराव!”

समोर कोठीच्या पायरीवर एक जण मटार सोलत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

“श्रीपतराव, एक चहा!”

मटार सोलणं चालूच.

“कोठीबुवा...” अण्णाबुवांनी जागेवरूनच, हळू आवाजात हाक मारली.

“जी, आलो!” मटारवाला उठून उभाच राहिला. “काय आणू?”

“अहो, मी केव्हाचा ओरडतोय!” निरंजन वैतागला.

“तुम्ही श्रीपतरावांना बोलावत होतात. ते काल गावी गेले. मी गंगाराम. या आठवड्याला कोठीबुवा मी.”

“मग सरळ सांगायचं ना!”

“मला कुठं हाक मारलीत?”

निरंजन दारातच थिजला. एकदा गंगारामकडे पाहिलं, एकदा त्या आडव्या पडलेल्या वायरकडे...

मग धावत येऊन खुर्चीत बसला. सेवेची नोंद उघडली. तिथं ठसठशीत अक्षरांत पहिल्या यंत्राचं स्वतःचं नाव होतं. त्यानंच घातलेलं. पहिलं यंत्र पडलं, आणि हाका सगळ्या त्याच्याच नावानं चालल्या होत्या.

त्यानं ते नाव पुसलं. तिथं लिहिलं, ‘ग्रंथशाळा’. सेवा बंद करून पुन्हा चालू केली.

“ताई, क्लिक तुम्ही करा,” तो म्हणाला.

ताईंनी क्लिक केलं.

पडद्यावर आधी पिवळट कडा आली. मग शाई. मग ओळी. ताई पडद्याला नाक लावून एकेक अक्षर वाचू लागल्या.

“‘हें पुस्तक... मंजुळा... कोम हैबतराव... इणें स्वहस्तें लिहिलें.’ मंजुळा! हैबतरावाची बायको! बाईच आहे, अण्णाबुवा, बाईच आहे!”

त्यांनी टेबलावर अशी थाप मारली की गंगारामच्या हातातला चहा बशीत सांडला. त्या हसत होत्या, रडत होत्या, आणि कोण कोण हसलं होतं त्यांची नावं घेत होत्या. गंगारामला काही कळलं नव्हतं, पण तोही तोंडभर हसत होता. निरंजन तर लहान पोरासारखा खोलीभर नाचला. इतका आनंद त्याला चाळीस ठिकाणी मिळूनही झाला नव्हता, असं त्यानं नंतर स्वतःच सांगितलं.

नाचून झाल्यावर त्याला जमिनीवरची वायर दिसली. ती उचलून तो अदबीनं अण्णाबुवांसमोर उभा राहिला.

“अण्णाबुवा, आता पहिला जोडू का?”

अण्णाबुवा मंजुळेचं अक्षर पाहत होते. त्यांनी पडद्यावरून नजर हलवली नाही.

“पहिला कुठला रे? इथं नुसती ग्रंथशाळा दिसतेय.”