गिळूबाईच्या पोटातला जंतू

छोट्या रेवूने पडलेलं बोर उचललं. न धुता खाल्लं. बोरावर बसून दोन जंतू आत आले.

रेवूच्या पोटात राहते गिळूबाई. इवलीशी, पण भारी धीट. जंतू दिसला की गिळायचा, हेच तिचं काम. एक जंतू पळाला. दुसरा तिने गिळला, गट्टम.

पण हा जंतू लबाड. विरघळलाच नाही. गिळूबाईच्या पोटात पाय पसरून बसला. तिचा खाऊ खाऊ लागला, कुरुम कुरुम. गिळूबाई वाळली. रेवू जेवेना, हसेना.

गिळूबाई रडत बसली नाही. निघाली, डुलुक डुलुक.

भेटली जोरताई. तिच्याकडे जोराचा काढा.

“जंतू बसला पोटात, खाऊ खातो थाटात. ताई, काढा दे.”

“जंतूचा तुकडा बघितल्याशिवाय देत नाही. उगाच दिला तर रेवूलाच बाधेल.”

शहाणी हो जोरताई.

डुलुक डुलुक. भेटली दाखवीमावशी. तिला हातच हात.

“जंतू बसला पोटात, खाऊ खातो थाटात. ताई काढा देईना. मावशी, तुकडा दाखव.”

“माझे हात रिकामे ग. धावूदादाने आणला, तर दाखवीन.”

डुलुक डुलुक. भेटला धावूदादा. पळण्यात पटाईत.

“जंतू बसला पोटात, खाऊ खातो थाटात. ताई काढा देईना. मावशी तुकडा दाखवीना. दादा, तुकडा आण.”

“भिंतकाकूने हाक मारली, तर पळेन.”

डुलुक डुलुक. दमली बिचारी, तरी गेली. आतड्याच्या भिंतीत बसली होती भिंतकाकू.

“जंतू बसला पोटात, खाऊ खातो थाटात. ताई काढा देईना. मावशी तुकडा दाखवीना. दादा तुकडा आणीना. काकू, हाक मार.”

काकूने तिच्या पोटाला कान लावला. आत कुरुम कुरुम.

“आमच्या गिळूचा खाऊ खातोस? थांब.”

काकूने हाक मारली, “धावा होऽऽ.” दादा पळाला, धूम धूम. पळपुट्या जंतूला धरलं, त्याचा तुकडा आणला. मावशीने तुकडा दाखवला. ताईने बघितला, उलटा, सुलटा. मग काढा दिला. गिळूबाई प्यायली, घट घट घट.

तिच्या पोटात आंबट रस सुटला, सळसळ. जंतूचे पाय विरघळले. जंतूचं डोकं विरघळलं. जंतूचं झालं पाणी पाणी. गिळूबाईचा खाऊ गिळूबाईला मिळाला.

ताईने तो तुकडा नीट लक्षात ठेवला. असा जंतू परत आला, तर ती लगेच ओळखणार.

रेवू उठून बसली. म्हणाली, “आई, भात दे.” सगळा भात खाल्ला, चावून चावून.

मग तिच्या पोटात वाजलं, गुडगुड. गिळूबाईने ढेकर दिला.