गायरानाची कुस्ती

"...मग सभेत तुम्ही हो म्हणणार का नाही, वस्ताद? तेवढं सांगा."

सुबराव वस्ताद तालमीच्या उंबऱ्यावर बसून पायाला तेल चोळत होते. ऐंशीला टेकलेला माणूस, पण मान अजून बैलासारखी. त्यांनी वर पाहिलंच नाही.

इंद्रजित उभाच होता. कोरेवाडीचा सरपंच. याच तालमीत तो लहानाचा मोठा झाला, कुस्तीत त्याचे कान मोडले तेही इथंच. आता अंगात कडक इस्त्रीचा सदरा होता आणि घामानं तो पाठीला चिकटला होता.

कोरेवाडी शहराला खेटलेली. शहराची घाण गावच्या ओढ्यात येई, शहरातलं काम मात्र वेशीपाशीच अडे. पोरं पहाटे डबे घेऊन शहरात जात आणि चिपाडासारखी होऊन परत येत. इंद्रजितनं वर्षभर हेलपाटे घातले, तेव्हा कुठं बाहेरची एक कंपनी गायरानावर कारखाना काढायला तयार झाली. कंपनीचे साहेब देवळासमोर सभेला येऊन बसलेही होते. गायरान द्यायचं का नाही, ते गाव ठरवणार होतं. आणि गाव वस्तादांच्या तोंडाकडे बघणार होतं.

"काय काय देतोस त्यांना?"

"गायरान नाममात्र भाड्यानं. पाणी फुकट. दहा वर्षं पट्टी माफ."

"अजून?"

"गावची किती पोरं घ्यायची, ती अट काढून टाकली. कधी गाशा गुंडाळायचा, तेही त्यांच्या मर्जीवर." इंद्रजितचा आवाज चढला. "साहेब म्हणाले, असा सरपंच आजवर बघितला नाही."

"म्हणणारच की."

टोमणा झोंबला. "वस्ताद, शेजारची गावं टपून बसल्यात. जरा कुठं बोट ठेवलं की साहेब गाडी वळवतील. म्हणून मी त्यांना अडकायला कुठं जागाच ठेवली नाही."



वस्ताद उठले. वाटीतलं तेल त्यांनी कोपरापासून मनगटापर्यंत थापलं आणि हात पुढं केला.

"धर."

"आत्ता? तिकडं लोक खोळंबलेत."

"धर म्हणतोय ना."

इंद्रजितनं मनगट पकडलं. वस्तादांनी नुसता हिसका दिला. हात सुटला.

त्यानं दात खाऊन दोन्ही हातांनी धरलं. पुन्हा सुटला. इस्त्रीच्या बाह्यांवर तेलाचे डाग पडले.

"भलेभले लोळवलेस म्हणतात. आणि म्हाताऱ्याचा हात धरवंना?"

"तेल लावलेलं अंग कोण धरणार, वस्ताद?"

"मग मैदानात काय करत होतास?"

इंद्रजित थबकला. सलामी झाली, की जोडीदार कुस्तीच्या हौद्यातली मूठभर माती उचलत आणि एकमेकांच्या अंगाला लावत. हाताला पकड मिळावी म्हणून. इतक्यांदा केलं होतं, की त्याचा कधी विचारच केला नव्हता.

"समोरच्याच्या अंगाला माती लावत होतो."

"आणि तो लावून घेत होता?"

"घ्यायचा की. माझ्याही अंगाला लावायचा."

"असं कसं? तुला पकड मिळणार, हे ठाऊक असून?"



देवळावरच्या कर्ण्यातून वस्तादांच्या नावाचा पुकारा सुरू झाला. एकदा. पुन्हा एकदा.

"चल," वस्ताद म्हणाले. "माझं हो-नाही राहू दे. तूच सगळ्यांदेखत त्या साहेबाला विचार, काढलेल्या अटी परत घालून गावची माती अंगाला लावून घेता का म्हणून."

वर्षभराचे हेलपाटे, तिथं वाट बघत बसलेली पोरं, सुरू करून ठेवलेली साहेबांची गाडी...

"आणि तो नको म्हणाला तर?"

वस्तादांनी पटका उचलून डोक्याला गुंडाळला.

"मग तो कुस्तीला आलाच नव्हता."