सातव्या जागेची ओळ

फार जुनी, हत्ती-घोड्यांच्या काळातली गोष्ट आहे. एका गावात पिंपळाखाली दहा मुलांची एक शाळा भरत असे. शाळा लहान, पण गुरुजींची शिकवण्याची तऱ्हा मोठी मजेची. सकाळी शाळा भरली की दहाही मुले ओळीने बसत आणि पाढा म्हणत. पहिल्याने 'बे एके बे' म्हणायचे, दुसऱ्याने 'बे दुणे चार', तिसऱ्याने 'बे त्रिक सहा'. ज्याची जागा, त्याची ओळ. दुसऱ्याची ओळ कोणी म्हणायची नाही, असा गुरुजींचा नियम होता.

सातवी जागा शेवंताची होती आणि ती बहुतेक रिकामीच असायची.

आता शेवंता काही आळशी नव्हती. उलट तिला जगातल्या सगळ्याच गोष्टींची भारी हौस. वाटेवर कुंभार भट्टी उघडत असला की ही तिथे उभी. कुणाच्या गोठ्यात गाय व्याली की ही तिथे हजर. मांजरीला पिल्ले झाली तेव्हा तर शाळेला चार दिवस सुट्टी, आणि ती हिची हिनेच घेतलेली. बाईसाहेब शाळेत पोहोचायच्या तेव्हा पाढे संपून धडा सुरू झालेला असे. गुरुजींनी विचारले की म्हणायची, "एक ओळ तर चुकली, गुरुजी. बाकीचे नऊ जण आहेत की."

ती नसली की सहावा आपली ओळ म्हणे, सगळे एक दम घेत आणि आठव्या जागेवरची मुलगी आठची ओळ म्हणे. असे करता करता त्या शाळेच्या पाढ्यातून सातची ओळच नाहीशी झाली. सहावा होता हलवायाचा मुलगा. सात जणांना पाच-पाच लाडू म्हटले की तो डोके खाजवत बसे. गावकरीही असे शहाणे की पोरांना त्रास नको म्हणून सात पाहुणे आले तर शेजारचा एक बोलावून आठ करत.

त्या देशाच्या राजाला लहानपणी एकोणतीसचा पाढा काही केल्या आला नव्हता. त्यामुळे ज्यांना तो येतो त्यांचे त्याला फार कौतुक. एकदा त्याने दवंडी पिटवली, की जी शाळा एकोणतीसचा पाढा न अडखळता म्हणेल, त्या शाळेच्या सगळ्या मुलांना राजाच्या हत्तीवरून गावभर मिरवू.

राजा यायच्या दिवशी शेवंता सगळ्यांच्या आधी हजर. तेल लावून वेणी घातलेली, परकर धुतलेला. पिंपळाशेजारी हत्ती कान हलवत उभा राहिला आणि पाढा सुरू झाला. मुलांचे आवाज खणखणीत.

"एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर," हलवायाचा मुलगा म्हणाला.

आता ओळ शेवंताची होती, पण ती तिने कधी पाठच केली नव्हती. मुलांनी सवयीने एक दम घेतला आणि आठवी म्हणाली, "एकोणतीस अठ्ठे दोनशे बत्तीस."

राजाने हात वर केला. "मधली ओळ कुठे गेली?"

मग शेवंताच उठली. तिचे डोळे भरून आले होते. "ती माझी होती, महाराज. मी तिला घ्यायला कधी आलेच नाही."

राजाला हसू आले, पण त्याने ते मिशीत दाबले. "आठ दिवसांनी आम्ही याच वाटेने परत जाऊ. शाळा भरायच्या वेळी पाढा ऐकू. आमच्या हत्तीला मात्र ताटकळायची सवय नाही, बरं का."

हत्ती निघून गेला. मुले शेवंताकडे न पाहताच आपापल्या पाट्या उचलून घरी गेली. तिला वाटले, ती रागावली असती तर बरे झाले असते.

आपली ओळ तिने त्याच संध्याकाळी पाठ केली. तेवढ्याने सगळे जुळेल असे तिला वाटले होते. दुसऱ्या दिवशी तिने "एकोणतीस साते" म्हणताच मुलांनी दम घेतला, आणि ती आणि आठवी एकदमच बोलल्या. सगळे खो-खो हसले. तिसऱ्या दिवशीही तेच. इतक्या दिवसांची सवय मोडायला रोजच एकत्र म्हणावे लागत होते. सहाव्या दिवशी कुठे पाढा सरळ गेला.

आठव्या सकाळी ती निघाली तर कुंभार भट्टी उघडतच होता. "शेवंते, ये गं," त्याने हाक मारली. "तुझ्यासाठी मातीचा घोडा घातलाय आत. निघतोय बघ."

शेवंताचे पाय थबकले. घोडा पाहायचा तर तिला होताच. "संध्याकाळी येते, काका," ती म्हणाली आणि पळत सुटली.

ती जागेवर बसली आणि हत्ती वळणावर दिसला. पाढा सुरू झाला. सहावा म्हणाला आणि लगेच शेवंता म्हणाली, "एकोणतीस साते दोनशे तीन." आठवीने ओळ उचलली, नववा, दहावा, आणि पाढा संपला. राजाने मुलांबरोबर स्वतःही टाळ्या वाजवल्या. मग मुले पाळीपाळीने हत्तीवर चढली आणि सगळा गाव दारात येऊन त्यांना पाहू लागला. तसा आनंद त्या गावात पूर्वी कधी झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ना राजा होता ना हत्ती. गुरुजी नेहमीसारखे शाळा झाडायला आले, तर सातव्या जागेवर शेवंता आधीच बसलेली.

"अगं, हत्ती गेला. आज एवढ्या लवकर कशाला?"

शेवंता म्हणाली, "गुरुजी, मी नसले की सगळे सहापाशी थांबतात."

गुरुजींनी झाडू बाजूला ठेवला आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

तात्पर्य एवढेच: शाळेत रोज जावे आणि वेळेवर जावे. आपली जागा रिकामी राहिली की आपले शिकणे तर बुडतेच, शिवाय सोबत्यांचेही अडते.